ऊन डोक्यावर आणि माग बंद

मालेगावात कापडाचा धंदा करणाऱ्याला विजेविषयी कुणी काही शिकवू नये, असा आमचा समज होता. वडिलांच्या काळापासून आमच्या घरात सूत, ताका आणि लाइट या तीन गोष्टींवरच बोलणे चालत आले आहे. लाइट असली की मजूर मागावर असतो. लाइट गेली की तो ओट्यावर येऊन बसतो आणि आम्ही गल्ल्यावर बसून आज किती मीटर बुडाले याचा हिशेब करतो. इतका जन्म यात घालवूनही छतावर सोलर बसवताना आम्ही जी चूक केली, ती नवख्या माणसालाही शोभली नसती. चूक सात लाख रुपयांच्या घरातली होती. ती लपवून ठेवण्यापेक्षा व्यापारी बांधवांच्या कानावर घालावी, या इराद्याने आज लिहीत आहोत. सध्या आपल्या बाजारात जो तो छताकडे पाहू लागला आहे आणि आमच्यासारखेच समजून बसलेले अनेकजण रोज भेटतात.

आमचे पुढे दुकान, मागे कापड फोल्डिंगची खोली आणि त्यामागे सोळा मागांचा कारखाना. दुकानावर आणि फोल्डिंगवर स्लॅब आहे, कारखान्यावर लोखंडी पत्रा. दोन वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने येऊन माप घेतले आणि पंधरा किलोवॉटचे सोलर सुचवले. ५४० वॉटच्या अठ्ठावीस प्लेटा. "शेठ, दिवसा तुमच्या मागांना बाहेरच्या लाइटची गरजच राहणार नाही," असे तो म्हणाला. आम्ही त्याचा अर्थ आमच्या सोयीने लावला. सोलर आले म्हणजे दिवसाची कटकट मिटली, जनरेटर विकून टाकू, असे आम्ही थोरल्या मुलाला सांगूनही टाकले. नशीब, त्याने ऐकले नाही.

प्लेटा बसल्या, नवे मीटर लागले, पहिले बिल कमी आले. आम्ही खूश होतो. मग मे महिन्यात एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मोहल्ल्यातला ट्रान्सफॉर्मर जळाला. डोक्यावर कडक ऊन, आकाशात ढगाचा ठिपका नाही, आणि आमचे सोळाच्या सोळा माग एकदम थांबले. आम्हाला वाटले, वर काही तुटले. पोराला छतावर पाठवले. तो वरून ओरडला, "सगळे ठीक आहे, प्लेटा तापल्या आहेत." ठेकेदाराला फोन लावला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "शेठ, हे ऑनग्रिड आहे. लाइट गेली की हेही बंद होते." आम्ही विचारले, मग हे आधी का सांगितले नाही? तो म्हणाला, "तुम्ही विचारले नाही."

लाइट संध्याकाळी आली. त्या दिवशी मजुरांची मजुरी बुडाली, कारण आपल्याकडे मजुरी मीटरवर. अचानक थांबलेल्या मागांवर जिथे कापड थांबले होते तिथे आडवी रेघ उमटली आणि ते ताके सेकंडमध्ये काढावे लागले. सगळ्यांत वाईट म्हणजे आमचा जॉबर दिवसभर छताकडे बघून गालातल्या गालात हसत होता.

सोलर आपोआप बंद का होते

पुढे आम्ही चार ठिकाणी विचारून हे समजून घेतले. ऑनग्रिड सोलरमध्ये प्लेटांची वीज इन्व्हर्टरमधून येते आणि कंपनीच्या लाइनला जोडली जाते. हा इन्व्हर्टर लाइनच्या व्होल्टेजकडे बघून आपली चाल तिच्याशी जुळवतो, जसा दुसऱ्याच्या पावलाशी पाऊल मिळवून चालणारा माणूस. लाइन गेली की त्याला पाऊल मिळवायला कुणी उरत नाही आणि तो क्षणात थांबतो. त्याला तसेच बनवलेले असते, त्यात बिघाड नसतो. समजा लाइन गेल्यावरही आमच्या छतावरची वीज बाहेरच्या तारेत जात राहिली आणि खांबावर वायरमन चढला असेल, तर त्याने काय समजावे? तार मेलेली आहे असे समजून तो हात लावील आणि त्याचा जीव जाईल. म्हणून जगभर असा इन्व्हर्टर लाइन जाताच बंद झालाच पाहिजे, असा दंडक आहे. नियम अगदी बरोबर आहे. आमची तक्रार नियमाबद्दल नाही, विकणाऱ्याने तो सांगितला नाही याबद्दल आहे. आणि खरे सांगायचे तर स्वतःबद्दलही आहे. आम्ही सुताचा भाव पैशापैशावर घासून घेतो आणि सात लाखांच्या वस्तूला एक सवाल विचारला नाही.

आमचा एक भाचा आखातात इलेक्ट्रिशियन आहे. त्याला फोनवर हा किस्सा सांगितला तेव्हा तो आधी हसला, मग त्याने विचारले, "मामू, तुम्ही सोलर बिल कमी करायला घेतले, की लाइट जाऊ नये म्हणून?" आम्ही म्हणालो, दोन्हीसाठी. तो म्हणाला, "या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुकानही वेगळे समजा." त्याच्याबरोबर लेबनॉनचे काही कारीगर कामाला आहेत. त्यांच्याकडून ऐकलेली बैरूतची हकिकत त्याने आम्हाला सांगितली. आम्ही तिचा पुढे मागोवा घेतला. ती वाचकांनाही उपयोगी पडेल.

बैरूतची गोष्ट

लेबनॉनमध्ये १९७५ ते १९९० यादवी युद्ध चालले. त्यानंतरही तिथल्या सरकारी वीज कंपनीला चोवीस तास वीज कधी देता आली नाही. म्हणून मोहल्ल्यामोहल्ल्यात खासगी जनरेटर उभे राहिले. जनरेटरवाला तारा टाकतो आणि घरटी पाच किंवा दहा अँपिअरचा हिस्सा देतो. या वर्गणीला तिथे 'इश्तिराक' म्हणतात. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, त्यामुळे हा शब्द ऐकून कान टवकारले. उर्दूतही इश्तिराक म्हणजे भागीदारी. पाच अँपिअर म्हणजे अकराशे वॉट. तेवढ्यात दिवे, पंखे, टीव्ही आणि फ्रिज चालतो, पण सोबत इस्त्री लावली तर बटण पडते. एका घराला दोन बिले, एक सरकारचे आणि एक जनरेटरवाल्याचे, यावर तिथली एक पिढी वाढली.

२०१९ च्या ऑक्टोबरपासून तिथल्या बँकांनी ठेवीदारांचे पैसे अडवले आणि चलन कोसळले. २०२१ मध्ये डिझेलवरची सरकारी सवलत गेली. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला देशातली दोन मोठी वीज केंद्रे, जहरानी आणि दैर अम्मार, इंधन संपून बंद पडली आणि सारा देश अंधारात गेला. एरवीही सरकारी वीज दिवसाला एक-दोन तासांवर आली होती आणि जनरेटरवाल्याचे बिल पगाराएवढे झाले होते. तेव्हा लोकांनी दागिने विकले, गाड्या विकल्या आणि छतावर सोलर चढवले. २०२० पर्यंत त्या देशात सगळे मिळून शंभर मेगावॉटच्या आसपास सोलर होते. २०२३ पर्यंत ते हजार मेगावॉटच्या घरात गेले. यामागे सरकारची मोठी योजना नव्हती. छतावरच्या विजेचा कायदा तिथे २०२३ च्या डिसेंबरमध्ये झाला, तोवर छते भरून गेली होती.

आता मुद्दा असा की बैरूतकराने आमच्यासारखे ऑनग्रिड सोलर घेतले असते, तर ते त्याच्या घरी दिवसातून एक-दोन तासच चालले असते. म्हणून त्याने प्लेटांबरोबर बॅटरी घेतली. पहिल्या घाईत अनेकांनी साध्या ऍसिडच्या बॅटऱ्या घेतल्या, त्या लवकर बसल्या, मग लिथियमच्या घेतल्या. शिकाऊ हातांनी केलेल्या जोडण्यांमुळे आगी लागल्या. सात-आठ मजली इमारतीत वीस बिऱ्हाडे आणि छत एकच, त्यावरून भांडणे झाली. ज्याच्याकडे डॉलर होते त्याचे घर उजळले. ज्याच्याकडे नव्हते तो जनरेटरवाल्याकडेच राहिला. हा शेवटचा भाग आम्हाला टोचतो. त्यावर पुढे बोलू.

बॅटरीवर माग चालतील का?

बैरूतची गोष्ट ऐकून आमच्या मुलाला वाटले, आपणही बॅटरी घ्यावी. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. सोळा माग चालू असताना सरासरी अर्धा किलोवॉट एका मागाला धरला, कांडी मशीन आणि दिवे धरले, तर दहा किलोवॉटच्या आसपास भार होतो. चार तास चालवायचे तर चाळीस युनिट लागतील. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची एक ट्यूब्युलर बॅटरी पूर्ण भरली तर १.८ युनिट साठवते. ती रोज तळापर्यंत रिकामी केली तर लवकर मरते, म्हणून त्यातली निम्मीच वापरायची. म्हणजे एका बॅटरीमागे एक युनिटही धड नाही. चाळीस युनिटांसाठी चाळीसहून जास्त बॅटऱ्या! एवढी रक्कम म्हणजे आमच्या सगळ्या सोलरची किंमत परत एकदा, आणि चार-पाच वर्षांनी तोच खर्च पुन्हा. लिथियमची बॅटरी जास्त वर्षे टिकते आणि जास्त खोलवर वापरता येते, पण आज हातातून जाणारी रक्कम मोठी. शिवाय मागाची मोटर सुरू होताना काही क्षण पाच-सहा पट करंट ओढते. सोळा मोटरी एकदम सुरू झाल्या तर बॅटरीचा इन्व्हर्टर तो झटका सोसत नाही. तो सोसेल इतका मोठा घ्यायचा तर किंमत आणखी चढते.

बैरूतच्या घराला अकराशे वॉट पुरतात, आमच्या कारखान्याला पुरत नाहीत. घर आणि कारखाना यांना एकच नुस्खा लागू होत नाही, एवढे त्या कागदावरून आम्हाला कळले.

मग आम्ही भार दोन भागांत तोडला. दुकान, फोल्डिंगच्या टेबलावरचे दिवे, पंखे, संगणक, कॅमेरे आणि पाण्याची मोटर वेगळ्या बोर्डावर घेतली. तिला पाच किलोवॉटचा हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियमची एक बॅटरी दिली. लाइट गेली की हा बोर्ड बाहेरच्या लाइनपासून सुटतो आणि स्वतःच्या पायावर उभा राहतो. बाहेरच्या तारेत काही जात नाही, म्हणून वायरमनलाही धोका नाही. त्यासाठी अठ्ठावीसपैकी आठ प्लेटा इकडे वळवल्या आणि वाढीव काम वीज कंपनीच्या मंजुरीने केले. गिऱ्हाईक समोर बसले असताना दुकानात अंधार होणे बंद झाले. ताका तपासताना दिवा हलत नाही, ही गोष्ट फोल्डिंगवालेच जाणतात.

मागांसाठी आमचा जुना जनरेटर कामी आला. ऑनग्रिड इन्व्हर्टरला पाऊल मिळवायला लाइन हवी असते. ती लाइन जनरेटरची असली तरी त्याला चालते. जनरेटर सुरू झाला की सोलर त्याच्याशी जुळते आणि दुपारच्या वेळी बराच भार आपल्या अंगावर घेते. मात्र मध्ये एक कंट्रोलर लावावाच लागतो. तो नसेल आणि माग कमी चालू असतील, तर सोलरची वीज उलटी जनरेटरमध्ये शिरून त्याचे वाटोळे करते. जनरेटरवर निदान तीस टक्के भार ठेवायचा, असे आम्हाला मिस्त्रीने बजावले. एक लिटर डिझेलमागे तीन-साडेतीन युनिट मिळतात. डिझेल नव्वद रुपयांच्या आसपास धरले तर युनिट सव्वीस ते तीस रुपयांना पडते. त्यात दुपारी निम्मी बचत झाली तरी ती डोळ्यांत भरते. जनरेटर विकला असता तर आज हा मार्ग बंद होता.

बिलाची बाजू

एक किलोवॉट सोलर आपल्या भागात वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास देते. पंधरा किलोवॉटला साठ युनिट. आमचे सोळा माग दोन्ही पाळ्यांत मिळून एकशे नव्वद युनिटांच्या आसपास खातात. म्हणजे तिसरा हिस्सा. 'बिल शून्य' म्हणणाऱ्याला आपली रात्रपाळी दिसत नाही, किंवा ती त्याला दिसू द्यायची नसते. अनेकांना वाटते मे महिन्यात सर्वांत जास्त वीज मिळेल. तसेही नाही. प्लेटेला ऊन हवे असते, उष्णता नको असते. पंचवीस अंशांच्या वर प्लेट जितकी तापते, त्या प्रत्येक अंशामागे तिचे काम सुमारे पाव ते अर्धा टक्का घटते. आपल्या उन्हाळ्यात पत्र्यावरची प्लेट साठ अंशांच्या वर जाते. त्यात रस्त्याची धूळ आणि कारखान्याचा कापूस वरून. पंधरा दिवसांनी सकाळी धुतल्या नाहीत तर फरक मीटरवर दिसतो.

एक फायदा मात्र आमच्या शहराचा खास आहे. इथे मागांना सुट्टी शुक्रवारी. ऊन सुट्टी घेत नाही. त्या दिवशीची सगळी वीज नेट मीटरमधून बाहेर जाते आणि आपल्या खात्यात जमा होते. महाराष्ट्रात छतावरच्या नेट मीटरचे नियम २०१५ मध्ये आले, २०१९ मध्ये नवे झाले. मंजूर भारापेक्षा मोठे सोलर नेट मीटरवर बसवता येत नाही, आणि वर्षअखेरीस शिल्लक राहिलेल्या युनिटांना भाव अगदी किरकोळ मिळतो. म्हणून जमा करून ठेवण्याच्या हिशेबाने मोठे सोलर घेऊ नये. दिवसाची जादा वीज रात्रीच्या वापरातून कशी वळती होते, याचे नियम अलीकडे बदलत आहेत. करार करताना त्या दिवशीचा चालू आदेश मागून वाचावा, ठेकेदाराच्या छापील पत्रकावर जाऊ नये.

यंत्रमागाला सरकार सवलतीच्या दराने वीज देते. त्यात २७ अश्वशक्तीच्या खालचे आणि वरचे असे दोन गट आहेत. सवलत मिळते ही चांगलीच गोष्ट. पण ज्याची वीज आधीच स्वस्त, त्याचा सोलरचा खर्च वसूल व्हायला जास्त वर्षे लागतात. दुकानाच्या व्यापारी मीटरवर, जिथे युनिट महाग, तिथे तेच सोलर लवकर फिटते. आमच्या दोन मीटरांवर आम्हाला हा फरक स्पष्ट दिसला. ज्याचे दोन्ही आहे त्याने आधी दुकानाचा विचार करावा, असे आमचे मत झाले आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेविषयी लोक आम्हाला विचारतात. तिच्यात तीन किलोवॉटपर्यंत ७८,००० रुपयांचे अनुदान आहे, पण ते घरगुती मीटरला. खाली माग आणि वर बिऱ्हाड असलेल्या आपल्या घरांत वरच्या मीटरला ते मिळू शकते, खालच्याला नाही.

आता ती टोचणारी गोष्ट. आपल्याकडे सहा-आठ मागांचे कितीतरी कारखानदार भाड्याच्या शेडमध्ये आहेत. छत मालकाचे. प्लेट पंचवीस वर्षांची आणि भाडेकरार अकरा महिन्यांचा, हे जुळायचे कसे? १ एप्रिल २०१७ रोजी केंद्र सरकारने भिवंडीत पॉवरटेक्स योजना सुरू केली, तिच्यात आठ मागांपर्यंतच्या लहान युनिटांना सोलरसाठी अनुदान ठेवले होते. त्या योजनेची मुदत संपली. आपल्यातले अनेकजण व्याजाचे कर्ज घेत नाहीत, त्यामुळे जे काही करायचे ते गाठीच्या रकमेतून. गाठीची रक्कम एकदाच खर्च होते. आम्ही चूक केली तरी आमचे दुकान होते, निभावले. आठ मागांच्या माणसाची दोन लाखांची चूक म्हणजे मुलीच्या लग्नाचे पैसे. म्हणून लहान कारखानदाराला कुणी 'सोलर लावा, लाइटची चिंता सोडा' असे सांगितले, तर त्याने त्याच जागी विचारावे की लाइन गेल्यावर माझे काय काय चालू राहील, किती तास चालेल, ते बिलावर लिहून द्या. जो लिहून देत नाही त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

एक धोक्याची गोष्टही सांगून ठेवतो. लाइट गेली आणि इन्व्हर्टर बंद पडला, तरी ऊन आहे तोवर प्लेटांच्या तारा जिवंत असतात. चौदा प्लेटा एका ओळीत जोडल्या की पाच-सहाशे व्होल्टच्या वर जाते. छतावर बायका कपडे वाळत घालतात, पोरे चेंडू काढायला चढतात. तारा पाइपातून नेल्या नसतील, अर्थिंग नीट नसेल, तर पहिले काम ते. आणि बॅटरी कारखान्यात, कापसाच्या रुईजवळ ठेवू नये.

गेल्या महिन्यात शेजारचा एक विणकर आम्हाला हात धरून आपल्या शेडवर घेऊन गेला. आठ माग, शेड त्याची स्वतःची. दोन ठेकेदारांचे भाव घेऊन बसला होता आणि कुठला घ्यावा, हे आम्ही सांगावे अशी त्याची इच्छा होती. आम्ही वर पाहिले तर पत्रा सिमेंटचा, तडे गेलेला, आणि खालच्या लोखंडी कैच्या गंजलेल्या. एक प्लेट सत्तावीस-अठ्ठावीस किलोची. त्यावर वाऱ्याचा जोर वेगळा. दोन्ही भावांच्या कागदांवर छताविषयी एक ओळ नव्हती. ते कागद त्याने घडी करून खिशात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी लोहाराला बोलावून कैच्यांचे माप दिले.